उणे सहा

१४ मार्च

बाबा,

वर मायना नाही, तो मुद्दाम गाळला आहे. विचारायचं आहे ते एवढंच: कार्यशाळेतल्या बारा व्हर्निअर कॅलिपरची तुमची वही अजून आहे का? करड्या पुठ्ठ्याची, कोपऱ्यावर तेलाचा डाग असलेली. दर जूनमध्ये तुम्ही तिच्यात प्रत्येक कॅलिपरची शून्य त्रुटी लिहायचात आणि खाली तपासनिसांची सही घ्यायचात. असेल तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. नसेल तर एका ओळीत तसं कळवा, म्हणजे मी वाट बघणार नाही.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायची सवय नाही. आईकडे निरोप देऊन बघितला. ती म्हणाली, "नऊ वर्षं तुम्हा दोघांची पोस्टमन झाले. आता पुरे. तूच लिही." म्हणून लिहिते आहे.

गेल्या जूनपासून मी तुमच्याच शाळेत, तुमच्याच कार्यशाळेत शिकवते, हे तिने सांगितलं असेलच. लेथ त्याच जागी आहे. खिडकीची काच अजून फुटकीच आहे, फक्त पुठ्ठा नवा लावलाय. दारावरच्या पाटीवर आता 'कार्यशाळा' नाही, 'भविष्य-सज्जता कक्ष' असं लिहिलं आहे.

कारण कळल्याशिवाय तुमच्या कपाटातून टाचणीसुद्धा बाहेर येत नाही, तेव्हा कारण सांगते. फेब्रुवारीत शेवटच्या वर्गातली नऊ मुलं टूलरूम प्रशिक्षण संस्थेच्या परीक्षेला पाठवली. तीन वर्षं सकाळी काम, दुपारी कॉलेज, शेवटी पदविका आणि नोकरी. या शाळेतून तिथे अकरा वर्षांत कोणी गेलेलं नाही. अकरापैकी आठ वर्षं तुमची होती, हे नोंदवून ठेवते. लेखी परीक्षेत नऊही मुलं पास झाली. प्रात्यक्षिकात आठ नापास झाली, आणि आठही जण एकाच प्रश्नात: दिलेल्या पाच तुकड्यांची मापं घ्या.

मी उत्तरपत्रिकांच्या प्रती मागवल्या. हे पत्र तुम्ही आईला वाचून दाखवाल, म्हणून तिच्यासाठी दोन ओळी जास्त लिहिते. कॅलिपरचे जबडे पूर्ण मिटले की त्याने शून्य दाखवायला हवं. आमचं चार नंबरचं कॅलिपर मिटल्यावर सहा दाखवायचं, म्हणजे मिलिमीटरचे सहा शतांश, साधारण एका केसाची जाडी. त्याने घेतलेल्या प्रत्येक मापातून सहा वजा केले की खरं माप मिळतं. बारा कॅलिपर आणि प्रत्येकाचं खोटं वेगळं. वर्षभर मी प्रत्येक मुलाला एकच कॅलिपर ठरवून दिलं होतं.

संस्थेची कॅलिपर अचूक होती. चार नंबरच्या बाकावरच्या मुलीची पाचही उत्तरं बरोबर सहा शतांशांनी कमी आली. सात नंबरवाल्याची चारांनी जास्त. दोन नंबरची दहांनी कमी. मी नावं झाकून नुसत्या चुका बघितल्या. कोण कुठल्या बाकावर बसतं ते त्यावरून सांगता आलं असतं.

पास झालेला एकटा मुलगा नऊ नंबरचा. बारांपैकी ज्या एका कॅलिपरची त्रुटी शून्य होती, ते त्याच्याकडे होतं. वर्षभर त्याने काहीही वजा केलं नाही, कारण वजा करायला काही नव्हतंच. वर्गातला सगळ्यात आळशी मुलगा. सूचना फलकावर त्याचा फोटो लागला आहे, खाली 'जिद्दीची कहाणी' असं लिहून.

संस्थेच्या परीक्षाप्रमुख बाई स्पष्ट बोलतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, हे तुम्ही निकालानंतर सांगताय. तुमच्या कॅलिपरमध्ये एवढ्याच त्रुटी होत्या, असं परीक्षेच्या आधी कुणी लिहून ठेवलंय का? दुसऱ्या कुणाच्या सहीने?" तसं असेल तर फेरपरीक्षा घेऊ म्हणाल्या. यादी पंधरा एप्रिलला बंद होते.

भिंतीवर माझा तक्ता होता. मुख्याध्यापकांनी निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो काढला आणि तिसऱ्या दिवशी बाराही कॅलिपर भंगारात दिली. तपासणीत "सदोष उपकरणे" असा शेरा नको म्हणून. तक्ता शाबूत असता तरी त्यावर सही माझीच होती. उरली तुमची वही.

व्यवसाय शिक्षिका,
भविष्य-सज्जता कक्ष


२२ मार्च

बाबा,

तुमचं कार्ड मिळालं. नऊ वर्षांनी तुम्ही मला सहा शब्द लिहिलेत: "वही आहे. शून्य बघत होती का?"

पहिल्या वाक्याचं उत्तर 'मग पाठवा' हे आहे. दुसरं वाक्य तुम्हाला लिहिल्याशिवाय राहवलं नसणार, हे मला माहीत होतं.

नव्हती बघत मुलं. मी ते बंद केलं होतं.

शाळेत तुम्ही आमच्याकडून म्हणवून घ्यायचात ते आठवतं का? "मिटवा, बघा, मग मोजा." प्रत्येक मापाआधी, चाळीस जणांनी, एका सुरात. व्हरांड्यात मुलं छत्री मिटवायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "बघा!" डबा मिटवायचा, "बघा!" एकाने तर तोंड मिटवून डोळे वटारायचा प्रकार काढला होता. तुम्हाला कधी कळलं नाही. सरांची मुलगी मी होते, तुम्ही नव्हता.

मापन प्रयोगशाळेत तीन वर्षं काढलेली बाई असला मंत्र म्हणवून घेणार नाही. जूनमध्ये मी गेज ब्लॉकवर, म्हणजे अचूक मापाच्या पोलादी ठोकळ्यांवर, बाराही कॅलिपर तपासली, प्रत्येकाची त्रुटी दहा वेळा घेतली, सरासरी काढली आणि तक्ता केला. प्रत्येक मुलाच्या वहीवर त्याच्या कॅलिपरचा आकडा चिकटवला. 'उणे सहा.' 'अधिक चार.' कामाच्या कागदावर तीन रकाने छापून घेतले: वाचन, दुरुस्ती, खरं माप. पोरं भराभर मोजायला लागली. तुमच्या पद्धतीपेक्षा निम्म्या वेळात. मला त्याचा अभिमान होता, हेही लिहून टाकते.

मुलांनी तर आकडे नावांसारखे लावून घेतले. चार नंबरवाली मुलगी बारीक, टुणटुणीत, सगळे तिला खार म्हणतात. मैदानात कुणी विचारलं, "खारे, तुझं वय किती?" तर ती म्हणायची, "सतरा उणे सहा." सगळे हसायचे. मीही हसले होते.

संस्थेच्या उत्तरपत्रिकेवरही तेच तीन रकाने होते. मधल्या रकान्यात काय भरायचं ते कुणालाच विचारावं लागलं नाही.

हे मी तुमच्यापुढे गुन्हा कबूल करायला लिहीत नाही. मला फक्त हे नोंदवायचं आहे की या इमारतीत ही चूक करण्याइतकी अक्कल माझ्याशिवाय कुणाला नाही. बाकीच्यांच्या चुका याहून खालच्या पातळीवरच्या आहेत.

या भविष्य-सज्जता कार्यक्रमाच्या समन्वयक बाई दर बुधवारी येतात. मुलं त्यांना सज्जताताई म्हणतात, त्यांना ते कौतुक वाटतं. त्या मुलांना हात मिळवायला शिकवतात. दोन तास. पकड किती घट्ट, डोळ्यात किती वेळ बघायचं. मग 'स्वतःची ओळख एका मिनिटात'. मागच्या बुधवारी एका मुलाने ओळख चाळीस सेकंदांत संपवली तर त्या म्हणाल्या, "अजून वीस सेकंदांचा तू बाकी आहेस." भिंतीवर त्यांनी 'मी तयार आहे!' असा फलक लावलाय. त्यावरचा मुलगा टाय घालून ढगाकडे बोट दाखवतोय. तो कशासाठी तयार आहे ते ढगालाही माहीत नसेल.

प्रत्येक मुलाला एक सज्जता-अंक मिळतो. खारीचा सात पूर्णांक आठ आहे. मी विचारलं, हा आठ कुठल्या उपकरणाने आला? त्या मनापासून हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही टेक्निकल लोक ना!" आठही नापास मुलांचे अंक सातच्या वर होते, त्यामुळे त्यांच्या अहवालात ती अजून 'सज्ज' आहेत. नापास झालेली सज्ज मुलं.

मुख्याध्यापकांना मुलं बघू-सर म्हणतात, कारण ते दुसरं काही म्हणत नाहीत. काच? बघू. तेल? बघू. भंगारवाल्याला मात्र त्यांनी 'बघू' म्हटलं नाही.

खारीच्या घरी मी गेले होते. एक खोली, दाराशी शिलाई मशीन, त्यावर अर्धवट शिवलेला शाळेचाच सदरा. आई मशीनवरून न उठता बोलली. मी कॅलिपर, त्रुटी, फेरपरीक्षा असं सगळं सांगितलं. तिने दोरा दाताने तोडला आणि विचारलं, "म्हणजे तिला येतं का नाही येत?" मी म्हटलं, येतं. "मग नापास कशी?" मी म्हटलं, माझ्यामुळे. ती म्हणाली, "बरं झालं बोललात. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही." धाकट्या मावशीच्या कारखान्यात पॅकिंगला जागा आहे, एक मेपासून. तिकडे 'हो' कळवायचं बाकी आहे फक्त.

खार कोपऱ्यात बसून होती. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही. हात मिळवायला तर अजिबात आली नाही.

वही पाठवा.


३० मार्च

बाबा,

वही मिळाली. सोबत चिठ्ठी नव्हती, हे तुमच्या स्वभावाला धरून झालं.

शनिवारी दुपारी कार्यशाळेचं दार लावून ती पहिल्या पानापासून वाचली. बावीस वर्षांची बावीस पानं. मला हवं होतं ते शेवटचं पान, तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षाचं. नापास मुलांच्या आठांपैकी सहा कॅलिपरचे आकडे माझ्या आकड्यांशी जुळतात. दोन जुळत नाहीत. दोन नंबर तुमच्याकडे आठ आहे, माझ्याकडे दहा. अकरा नंबरला तुमच्याकडे बारा, माझ्याकडे चौदा. दोन्हीच्या समोर समासात तुमचं अक्षर: "वाढते आहे."

परीक्षाप्रमुख बाईंना एवढं पुरेल. मला ते पुरलं नाही.

मी मागे मागे गेले. चार नंबर: शून्य, शून्य, दोन, दोन, चार, एका वर्षी परत दोन ("जबडा घासून घेतला"), मग चार, सहा, सहा. एकही कॅलिपर बावीस वर्षं एका आकड्यावर राहिलेलं नाही. नऊ नंबरसुद्धा नाही, ते मध्ये तीन वर्षं दोनवर होतं. एका वर्षी जूनमधला आकडा खोडून ऑक्टोबरमध्ये दुसरा लिहिला आहे, शेजारी "पडले".

म्हणजे संस्थेची परीक्षा झाली नसती तरी माझा तक्ता चुकणारच होता. आज नाही तर ऑक्टोबरमध्ये, कुणाच्या तरी हातून कॅलिपर पडल्यावर. मी दहा वेळा माप घेऊन सरासरी काढली, आणि उपकरण झिजतं हे विसरले. ते कुठल्याही प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी स्वतः नवीन आलेल्यांना शिकवलं आहे.

तुमचा मंत्र वेडगळ होता. मोठ्याने म्हणवून घेणं तर अजूनच. पण तुम्ही मुलांना आकडा दिला नाहीत, बघायला लावलंत. मी आकडा दिला. इथून पुढे यावर मी काही लिहिणार नाही. तुम्हीही लिहू नका.

सोमवारी बघू-सरांकडे पत्राचा मसुदा घेऊन गेले. तीन ओळी: उपकरणांत त्रुटी होत्या, नोंद सोबत जोडली आहे, आणि त्रुटी प्रत्येक वेळी तपासायला न शिकवता ठरावीक आकडा पाठ करून घेतला, ही शिकवण्यातली चूक माझी आहे. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं.

"तिसरी ओळ कशाला?"

मी म्हटलं, ती नसेल तर पहिल्या दोन ओळींना अर्थ उरत नाही. त्रुटी असलेलं कॅलिपर हा दोष नाही, जगातल्या सगळ्या कॅलिपरना त्रुटी असतात.

"तुमचं कायम व्हायचंय जूनमध्ये. लेखी चूक म्हणजे लेखी चूक. ती फाइलला बसते. त्यापेक्षा मुलं गोंधळली म्हणा ना. मुलं गोंधळतातच."

मी मसुदा उचलला. ते म्हणाले, "घाई करू नका. बघू."

फाइलला बसते. हे शब्द ऐकून मला एक विचारायचं आठवलं. नऊ वर्षं विचारलं नाही, कारण उत्तर माहीत आहे असं वाटत होतं.

शेवटच्या वर्गाच्या फाइलींवर दोन शिक्के असतात. 'पुढील शिक्षणास योग्य' आणि 'कामास योग्य'. माझ्या वर्षी फाइली तुमच्याकडे होत्या. गणितात मी शाळेत पहिली होते. माझ्या फाइलवर दुसरा शिक्का बसला आणि अभियांत्रिकीच्या खिडकीवरच्या माणसाने तो बघून फाइल परत सरकवली. मी घरी येऊन विचारलं तेव्हा तुम्ही जेवत होता. तुम्ही म्हणालात, "झालं ते योग्य झालं." पुढची दोन वर्षं मी कारखान्यात बोल्टची जाडी तपासली. पदविका नोकरी करून घेतली. ते सगळं तुम्हाला माहीत आहे, त्यात मला काही सांगायचं नाही.

विचारायचं ते हे: शिक्का मारण्याआधी तुम्ही शून्य बघितलं होतं का?


८ एप्रिल

बाबा,

तुमचं पत्र आलं. दीड पान. आई म्हणाली तुम्ही चार वेळा लिहून फाडलंत. मला वाटतं तुम्ही चार वेळा शुद्धलेखन तपासलं असेल.

तुम्ही लिहिता, नाही. बघितलं नव्हतं. लेखनिकाने साठ फाइलींचे दोन गठ्ठे लावून दिले होते, तुम्ही गठ्ठ्याप्रमाणे शिक्के मारत गेलात, आतली नावं वाचली नाहीत. माझी फाइल चुकून दुसऱ्या गठ्ठ्यात गेली होती. तुम्हाला हे त्याच संध्याकाळी कळलं. शिक्का रद्द करायचा तर कारण लिहून सही करावी लागली असती, आणि "स्वतःच्या मुलीच्या फाइलवर खाडाखोड केली असं कुणी म्हणायला नको" म्हणून तुम्ही ते केलं नाहीत.

मी हे दोनदा वाचलं.

नऊ वर्षं माझी समजूत होती की तुम्ही मला मोजलंत आणि कमी भरले. त्याच्याशी मी भांडत होते. प्रत्येक परीक्षा, प्रत्येक नोकरी, गेज ब्लॉकवर घेतलेलं प्रत्येक माप त्या भांडणात माझ्या बाजूने जमा होत होतं. आता कळतं की समोर कुणी नव्हतंच. एक माणूस शिक्के मारत होता आणि त्याला चहाच्या आधी संपवायचे होते.

तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला जे वाटतं ते लिहिते. कुणी नाव ठेवू नये एवढ्यासाठी जपलेल्या प्रामाणिकपणात आणि बघू-सरांच्या 'बघू'त मला फरक दिसत नाही. ते भंगारात देतात, तुम्ही जेवताना म्हणता झालं ते योग्य झालं. त्यांना निदान आपण काय करतोय ते माहीत असतं.

तुम्ही शेवटी लिहिलंय की कॅलिपरच्या बाबतीत एकदाही न चुकलेला माणूस मुलीच्या बाबतीत चुकला. वाक्य छान जमलं आहे. तुमच्यासाठीसुद्धा ते जरा जास्तच छान आहे. आई रडली असेल ऐकून. मला ते खरं वाटतं, पण त्याचा मला काही उपयोग नाही.

एक उपयोग मात्र झाला. तीन दिवसांपूर्वी मी तीन ओळींचं पत्र, तिसऱ्या ओळीसकट, वहीच्या दोन पानांच्या प्रती जोडून स्वतः संस्थेत नेऊन दिलं. बघू-सरांची सही घेतली नाही, माझी केली. परीक्षाप्रमुख बाईंनी वही हातात घेऊन पानं उलटली. 'पडले'पाशी थांबल्या. विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, माझ्या आधीचे शिक्षक. त्या म्हणाल्या, "असा माणूस आता मिळत नाही." त्यांना तुमची सगळी त्रुटी माहीत नाही.

फेरपरीक्षा चौदाला.

आठही मुलांना सांगितलं. वह्यांवरचे आकडे त्यांच्याकडूनच खरवडून काढून घेतले. शाळेत आता कॅलिपर एकही नाही, म्हणून प्रयोगशाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांकडून पाच मागून आणली. कुठलं कुणाला मिळेल ते दर तासाला चिठ्ठी टाकून ठरतं. त्यातल्या दोनांचं शून्य मी मुद्दाम बिघडवते आणि सांगत नाही. पहिल्या दिवशी आठांपैकी सहा जण फसले. दुसऱ्या दिवशी तीन. सात नंबरवाला चिडून म्हणाला, "मॅडम, तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा मग?"

"ठेवू नको," मी म्हटलं. "मिटव आणि बघ."

तोंडातून गेलं. परत घेता आलं नाही. खार पहिल्यांदा हसली.


३ मे

बाबा,

आईला फोनवर निकाल सांगितला होता, पण ती म्हणाली तुम्ही "नीट लिहून दे" म्हणालात. नीट लिहिते.

आठांपैकी सहा पास. एका मुलाने पास होऊनही प्रवेश घेतला नाही. त्याला स्वयंपाक शिकायचाय, आणि त्याच्या सज्जता-अहवालात याची कुठेही नोंद नाही. नापास दोघांपैकी एकाला वेळ पुरला नाही, दुसरी अकरा नंबरची मुलगी. मी तिची उत्तरपत्रिका बघितली. तीन वेगवेगळ्या चुका, कुठल्याच माझ्या नाहीत. शून्य बघितलं, मुख्य पट्टी वाचताना घसरली. ती चूक तिची स्वतःची आहे. पुढच्या वर्षी परत बसणार आहे.

खारीचं तुम्हाला सविस्तर सांगायला हवं. परीक्षेची खोली काचेची आहे, पालक आणि शिक्षक बाहेर बाकावर बसतात. तिची आई शेजारी मांडीवर सदरा घेऊन काज करत होती. आत खारीने कॅलिपर उचललं, जबडे मिटवले, खिडकीच्या उजेडाकडे धरून फट दिसते का बघितलं. उघडून पुसले. परत मिटवले. तोंड थोडं उघडं ठेवून, एक डोळा बारीक करून. मला ती लकब ओळखीची वाटली. ती तिने माझ्याकडून उचलली होती, आणि मी कुठून उचलली ते मला तोपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

मग तिने हात वर केला. परीक्षक आले. काचेतून ऐकू येत नव्हतं, पण नंतर तिने शब्दशः सांगितलं.

"सर, याला दोन आहे."

"आमची सगळी गेल्या महिन्यात तपासून आलीत. गप मोज."

ती गप मोजायला लागली, पण मधल्या रकान्यात पाचही वेळा तिने 'उणे दोन' लिहिलं. तिची आई माझ्याकडे वळून म्हणाली, "काय झालं? ओरडले का ते?" मी म्हटलं, माहीत नाही. ती जर परत सवयीने वजा करत असेल तर सगळं संपलं होतं. एक मेपासून पॅकिंग.

कागद जमा झाल्यावर परीक्षाप्रमुख बाई स्वतः गेज ब्लॉकची पेटी घेऊन आल्या. त्यांनी ते कॅलिपर तपासलं. मग परीक्षकांना जवळ बोलावून दाखवलं. दोन होतं.

बाहेर आल्यावर खार म्हणाली, "तेच म्हणत होते ना मी." तिच्या आईने सदऱ्यावरची सुई काढून पदराला टोचली आणि उठली. म्हणाली, "चल, मावशीला फोन करायचाय. नाही म्हणून सांगू." कोपऱ्यावर गेल्यावर खारीने मागे वळून फक्त दोन बोटं मिटवून दाखवली.

शाळेत आता सात फोटो लागलेत. सज्जताताईंच्या अहवालात हे यश हस्तांदोलनाच्या तासांना गेलं आहे. माझ्या कायम होण्याबद्दल बघू-सर म्हणाले, बघू.

कार्यक्रमाकडून बारा नवी डिजिटल कॅलिपर आली. त्यांना शून्य करायचं बटण आहे. जबडे उघडे असताना दाबलं तरी ते शून्य दाखवतं, म्हणजे कार्यक्रमाला साजेसं उपकरण आहे. मी बाराही तपासली आणि आकडे तुमच्या वहीच्या तेविसाव्या पानावर लिहिले. वही परत पाठवत नाही. तिच्यात पुष्कळ पानं शिल्लक आहेत.

आज सकाळी लेखनिक शेवटच्या वर्गाच्या फाइली घेऊन आला. एकसष्ट. दोन गठ्ठे बांधलेले, वर दोन शिक्के आणि शाईची पेटी. म्हणाला, "लावून दिलंय सगळं, मॅडम. नुसते मारत जा. चहापर्यंत होतील."

मी दोन्ही गठ्ठ्यांच्या दोऱ्या सोडल्या. एकेक मुलाला आत बोलावते, त्याची फाइल त्याच्यासमोर उघडते, आणि कुठला शिक्का हवा ते आधी त्याला विचारते. चुकीच्या गठ्ठ्यात आतापर्यंत दोघी निघाल्या. चहा येऊन गार झाला. सतरा झाल्या आहेत, चव्वेचाळीस बाकी आहेत, आणि अठरावी दारात उभी आहे.